फ्लोटची जीभ

गॅरेजात दोन टेबलं होती. मागच्या भिंतीलगतचं लांबलचक, ग्रीसनं काळं झालेलं टेबल मुलाचं. त्यावर कायम एखादा गिअरबॉक्स पोट उघडून पडलेला असे. दुसरं खिडकीखालचं, छोटं, वर पांढरं फडकं अंथरलेलं. ते उस्तादांचं. तिथे फक्त कार्बोरेटर उघडायचे. त्या फडक्याला ग्रीसचा हात लावायची कुणाची टाप नव्हती, उस्तादांच्या मुलाची तर नव्हतीच नव्हती.

मुलगा आता बेचाळिशीचा होता. गिऱ्हाइकं त्याला गिअरभाऊ म्हणत, कारण गिअर आणि ब्रेकच्या कामात त्याचा हात धरणारा दुसरा कुणी नव्हता. नाव कौतुकाचंच होतं. पण त्याला ते ऐकलं की बोचायचं. सोळाव्या वर्षी त्याच्या हातून कार्बोरेटरचा एक पितळी जेट, म्हणजे पेट्रोलची बारीक तोटी, निसटून गटाराच्या जाळीतून खाली गेला होता. उस्तादांनी अख्खी दुपार कोपरापर्यंत हात घालून तो शोधला. नाही सापडला. हात धुता धुता ते म्हणाले, "तुझे हात मोठ्या कामाचे. यापुढे खिडकीकडे यायचं नाही." झालं. निकाल लागला, आणि त्यावर अपील नव्हतं. पुढे त्याने कार्बोरेटरचं काम शिकून घेतलं, बाप बाहेर गेला की चोरून, जुने निकामी कार्बोरेटर घरी नेऊन. चांगलं शिकला. पण खिडकीखाली बस, असं उस्ताद त्याला कधी म्हणाले नाहीत.

म्हणाले ते त्याच्या बायकोला.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. उस्तादांचे हात तेव्हा नुकते थरथरायला लागले होते. ती दुपारचा डबा घेऊन आली आणि त्याच क्षणी उस्तादांच्या बोटांतून केसाएवढी स्प्रिंग उडाली. उस्ताद शिव्या देत टेबलाखाली वाकले. ती जागची हलली नाही. कान देऊन उभी राहिली, मग सरळ जाऊन मागच्या टेबलाच्या पायापाशी बसली आणि स्प्रिंग उचलून आणली.

"कसं कळलं?" उस्तादांनी विचारलं.

"पडल्याचा आवाज आला ना, बाबा. आमच्याकडे घड्याळांच्या स्प्रिंगा अशाच उडायच्या."

तिचे वडील घड्याळं दुरुस्त करायचे. उस्तादांनी तिला वरून खाली पाहिलं आणि पायाने दुसरं स्टूल पुढे सरकवलं. "बस इथे," ते म्हणाले.

गिअरभाऊ तेव्हा एका ट्रकखाली आडवा पडलेला होता. त्याला फक्त तिच्या चपला दिसल्या, स्टुलाचे पाय दिसले, आणि ते दोन शब्द ऐकू आले. त्याने हातातला पाना इतका आवळला की बोल्टाचे आटे गेले.

तेव्हापासून ती रोज दुपारी खिडकीखाली बसू लागली, आणि पाहता पाहता सकाळीही. तिची बोटं बारीक, नजर त्याहून बारीक. उस्ताद तिच्याशी बोलताना आवाज चढवत नसत. कधी कधी चक्क हसत. बापाचं हसणं त्याने आजवर गिऱ्हाइकांसाठी राखून ठेवलेलं पाहिलं होतं. लोकांसमोर तो मान ताठ करून म्हणायचा, "आमच्या सौभाग्यवती बघतात तो विभाग." आणि घरी गेला की चहा गार आहे, टॉवेल ओला आहे, दाराला कडी नीट लावली नाही, असली खुसपटं काढत बसायचा. ती बिचारी आधी समजावत असे. मग तिने समजावणं सोडलं.

यंदा तिचे वडील आजारी पडले आणि ती दहा दिवस माहेरी गेली. नेमकी तेव्हाच डोळ्यांच्या डॉक्टरांची गाडी आली.

डॉक्टर निवृत्त होते. गाडी त्यांच्या वडिलांची, साठ-सत्तर वर्षांपूर्वीची, दुधी रंगाची, रुंद पायदानांची. दर रविवारी ते ती स्वतः पुसायचे. आजार असा की गार इंजिनावर गाडी लोण्यासारखी चालायची. सात-आठ मैल गेलं, रस्ता जरा खराब लागला, की अचानक गचके खायची, पेट्रोलचा भपकारा यायचा आणि बंद पडायची. प्लग काढून पाहावेत तर काजळीने काळे. अर्ध्या तासाने पुन्हा चालू, जणू काही झालंच नाही.

"कार्बोरेटर ओव्हर होतोय," उस्ताद म्हणाले. त्यांनी आपले दोन्ही हात समोर धरून पाहिले, मांडीवर ठेवले, आणि मुलाकडे न बघता म्हणाले, "तूच बघ. बस तिथे."

सव्वीस वर्षांनी का होईना, बापाने म्हटलं होतं. त्याने तीनदा साबणाने हात धुतले. नखं कापली. मग फडक्यापुढे बसला.

कार्बोरेटरच्या पोटात एक वाटी असते. तिच्यात पेट्रोल साठतं, आणि पेट्रोलवर एक पोकळ पितळी डबी तरंगते, ती फ्लोट. वाटी भरत आली की फ्लोट वर येतो आणि आपल्या पत्र्याच्या जिभेने एक सुई वर ढकलतो. सुई पेट्रोलची वाट बंद करते. गाडी ओव्हर होते म्हणजे ती वाट वेळेवर बंद होत नाही. एवढी साधी गोष्ट. त्याने सुई बदलली, तिची बैठक बदलली. फ्लोट कानाशी धरून हलवला, आत पेट्रोल शिरलेलं नव्हतं. गरम पाण्यात बुडवला, एकही बुडबुडा आला नाही. पंपाचा दाब मोजला, बरोबर. पॅकिंग नवं कापलं. प्रत्येक दुरुस्तीनंतर तो जवळच फेरी मारून पाहायचा, गाडी बरी चालायची; मग डॉक्टर ती घेऊन जायचे आणि तासाभराने फोन यायचा. चार वेळा त्याने जाऊन गाडी ओढून आणली. चौथ्या वेळी उस्ताद मान फिरवून घराकडे गेले. ते त्याला शिवीपेक्षा जास्त लागलं.

अकराव्या दिवशी बायको परत आली. वडील सावरले होते. पिशवी खाली ठेवून ती हात धुवून खिडकीपाशी आली. उघडलेला कार्बोरेटर समोरच होता. तिने फ्लोट उचलला, उजेडाकडे धरून हळूहळू फिरवला.

"अहो, हे पाहिलंत का?" ती म्हणाली.

"काय?"

"या एका बाजूला चकचकीत रेघ आहे बघा. बाकी सगळा फ्लोट काळपट. इथे तो वाटीला घासतोय."

मग तिने फ्लोट ज्या बारीक पिनेवर झुलतो ती पिन काढली आणि आपल्या वडिलांकडून आणलेल्या भिंगाखाली धरली. पिनेला एका टोकाशी खाच पडली होती. दिसेल न दिसेल अशी. इतक्या वर्षांच्या झुलण्याने पिन झिजली होती, त्यामुळे फ्लोट एका अंगाला किंचित कलायचा, आणि खड्ड्यांत गाडी हादरली की वाटीच्या भिंतीला अडकून खालीच राहायचा. सुई उघडीच. पेट्रोल वाहतंय आपलं.

"घड्याळात असंच होतं," ती म्हणाली. "आस झिजला की चाक वाकडं फिरतं."

उस्ताद उठून आले. त्यांनी भिंगातून पाहिलं, फ्लोटवरची रेघ पाहिली, आणि मुलाकडे वळले. "दहा दिवस हा फ्लोट तुझ्या हातात होता."

बस, इतकंच. तो "हो" म्हणाला आणि मागच्या टेबलाकडे गेला. कानशिलं तापली होती. बायकोने मुद्दाम केलं नव्हतं हे त्याला कळत होतं, आणि तेच सहन होत नव्हतं. तिने मुद्दाम केलं असतं, टोमणा मारला असता, तर निदान भांडता आलं असतं. ती येते काय, एकदा उजेडाकडे धरते काय, आणि याची दहा दिवसांची मेहनत मातीत. वर "अहो, हे पाहिलंत का?"

दोन दिवसांत तिने पोलादी तारेची नवी पिन घासून बसवली. फ्लोट सरळ झुलू लागला. फ्लोटची उंची तपासायला तिने पत्र्याचं एक माप कापून घेतलं होतं. ते लावून जीभ हवी तेवढी वाकवली, पुन्हा मोजली, झाकण बसवलं. दुपारी जेवायच्या वेळी उस्ताद हात पुसत म्हणाले, "उद्या सकाळी डॉक्टर येतायत. पाण्याच्या टाकीचा चढ चढवून आणा म्हणावं. त्यांच्याशेजारी तू बस, सूनबाई. काही झालंच तर तुला कळेल."

गाडीच्या चाचणीला पूर्वी उस्ताद स्वतः बसायचे. त्यांना जमेनासं झाल्यावर गिअरभाऊ बसायचा. ती त्याची जागा होती, एवढी एकच.

"मी जाईन की," तो म्हणाला.

"तुझे ते ब्रेक लायनर पडलेत ना?" उस्ताद म्हणाले आणि घराकडे चालू लागले. बायकोही हात धुऊन मागोमाग गेली.

गॅरेजात तो एकटा राहिला. कार्बोरेटर फडक्यावर होता, अजून गाडीत चढवायचा होता. झाकणाचे चार स्क्रू. त्याने हात पुसले. पुढचं सगळं त्याने फार शांतपणे केलं, हे त्याला नंतर आठवायचं तेव्हा सगळ्यात जास्त लाज त्याची वाटायची. झाकण उचललं, बारीक चोचीच्या पक्कडीत फ्लोटची जीभ धरली आणि एकदाच वाकवली. थोडीशी. सपाटीवर, गॅरेजात, काही कळणार नाही. चढावर मात्र वाटी भरून वाहायला लागेल. गाडी गचके खाईल, बंद पडेल, ती तोंड पाडून परत येईल. बाकी काही नाही. त्याने स्क्रू आवळले, फडक्याची सुरकुती काढली आणि जेवायला गेला. दोन घास खाऊन उठला.

तिसऱ्या प्रहरी कार्बोरेटर चढवला, गाडी चालू केली. इंजिन असं एकसुरात चाललं की उस्तादांनी मान डोलावली. तेव्हाही तो सांगू शकला असता. संध्याकाळी बायको त्याच्याशेजारी बसून म्हणाली, "मला जरा भीतीच वाटतेय उद्याची," तेव्हाही सांगू शकला असता. तो म्हणाला, "कशाला घाबरतेस? तू मोजून बसवलंयस ना?"

सकाळी डॉक्टर आले, ती शेजारी बसली, गाडी गेली. तो ब्रेकचे लायनर घासत बसला. वीसेक मिनिटं झाली असतील. शेजारी एक दुसरी गाडी जॅकवर होती आणि त्याची नजर सहज तिच्या धुराड्याच्या पाइपावर गेली. नव्या गाडीत पाइप मागून जातो. डॉक्टरांच्या गाडीत तो कार्बोरेटरच्या बरोबर खालून जातो. चढावर तो तापून लाल व्हायचा बाकी असतो, आणि वाटीतून सांडलेलं पेट्रोल थेंब थेंब त्याच्यावर पडणार.

हे त्याला ठाऊक होतं. दहा दिवस तो त्या बॉनेटखाली वाकलेला होता. काल पक्कड हातात असताना त्याला ते आठवलं नव्हतं, की आठवायचंच नव्हतं, हे त्याचं त्यालाही पुढे कधी नीट सांगता आलं नाही.

त्याने हातातलं टाकलं, स्कूटर काढली. उस्ताद मागून काहीतरी विचारत होते.

टाकीच्या चढावर, तिसऱ्या वळणाला गाडी उभी होती. बॉनेट उघडं. निळसर धूर निघत होता, पण जाळ नव्हता. डॉक्टर हातात घोंगडी घेऊन तयारीत उभे होते आणि बायको रस्त्याच्या कडेला बसली होती, उजवा हात मनगटाशी घट्ट धरून.

"पेट्रोलचा वास आल्याबरोबर यांनी गाडी थांबवायला लावली," डॉक्टर म्हणाले. "मी बॉनेट उघडताच यांनी आत हात घालून पेट्रोलचा कॉक बंद केला. पाइपाला बोटं टेकली. नाहीतर आज आपण सगळे वेगळ्याच गप्पा मारत असतो."

तिची दोन बोटं, अंगठा आणि त्याशेजारचं, पांढरी पडली होती, वर फोड धरत होते. तो तिच्यासमोर बसला.

"मी तीनदा मोजलं होतं हो," ती म्हणाली. दुखतंय असं नाही म्हणाली.

गाडी ओढून आणली. बोटांना मलम लावून पट्टी बांधली. उस्तादांनी कार्बोरेटर उतरवायला लावला, आणि तो फडक्यावर येईपर्यंत त्यांचा पारा चढलेला होता.

"माणसं जळाली असती," ते तिला म्हणाले. "काय मोजलंस तू? घड्याळ आहे का हे, चुकलं तर पाच मिनिटं मागे पडेल? माझीच चूक. कुणालाही बसवलं मी इथे."

गिअरभाऊने तिच्याकडे पाहिलं. ती खाली मान घालून उभी होती, खालचा ओठ आत ओढलेला. तो चेहरा त्याच्या ओळखीचा होता. गटाराच्या जाळीपाशी उभं राहून तोही असाच ओठ चावत होता. सव्वीस वर्षं त्याला वाटत आलं होतं की बापाने एकदा दुसऱ्या कुणाला असं बोलावं आणि आपण ऐकावं. ते आता चाललं होतं, आणि त्याला ते ऐकवेना.

तिने डाव्या हाताने झाकण उलटं केलं. फ्लोटकडे पाहिलं. "बाबा, ही जीभ मी अशी ठेवली नव्हती."

"मग काय आपोआप वाकली?"

"मी वाकवली," गिअरभाऊ म्हणाला.

उस्तादांना आधी नीट ऐकू आलं नाही असंच वाटलं.

"काल दुपारी. तुम्ही जेवायला गेलात तेव्हा."

"किती?" उस्तादांनी विचारलं.

हा प्रश्न येईल असं त्याला वाटलं नव्हतं. "दीड मिलिमीटर."

"मोजून?"

"नाही. अंदाजाने."

उस्तादांनी पत्र्याचं माप घेतलं. हात थरथरत होता म्हणून कोपर टेबलाला टेकवलं. लावून पाहिलं, मग बारीक पट्टीने फरक मोजला. दीड. ना कमी, ना जास्त. त्यांनी भिंग खाली ठेवलं आणि पहिल्यांदाच मुलाच्या हातांकडे पाहिलं, चेहऱ्याकडे नाही.

"अंदाजाने," ते स्वतःशीच म्हणाले. मग सुनेकडे वळले, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण तसली वाक्यं त्यांना येत नव्हती. "तुझं माप बरोबर होतं," एवढं म्हणून ते बाहेर जाऊन पायरीवर बसले.

बायको त्याच्याशी त्या दिवशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी तो तिची पट्टी बदलत होता तेव्हा म्हणाली, "माझ्यावर राग होता तर मला बोलायचं होतं."

"तुझ्यावर नव्हता."

"बोटं तर माझीच भाजली."

त्याने पट्टीची गाठ मारली. मग त्याने सगळं सांगितलं. गटारातल्या जेटपासून. स्टुलाचे पाय. ते दोन शब्द. चाचणीला गाडीत बसायची जागा. सांगताना त्याचं त्यालाच ते पोरकट वाटत होतं, तरी थांबवेना. "मी जळायचो तुझ्यावर," तो म्हणाला. "रोज. अजूनही जळतो."

तिने ऐकून घेतलं. "मला दिसत नव्हतं का? चहा रोज गार कसा असेल?" ती म्हणाली. "पण एक सांगते. मी तिथे बसते ते मला ते काम आवडतं म्हणून. बाबांनी शाबासकी दिली काय, नाही दिली काय. तुम्हाला तिथे बसायचं होतं ते बाबांसाठी. तुमचं आणि बाबांचं काय ते तुम्ही दोघं बघा. त्यात माझे हात घालू नका." आणि थोड्या वेळाने, "डॉक्टरांना तुम्ही स्वतः सांगायचं. आजच."

तो गेला. डॉक्टरांनी दारातच उभ्या उभ्या ऐकलं. त्यांचा चेहरा लाल झाला. गाडी दुसरीकडे न्यायची म्हटलं असतं तर त्याला मान्यच होतं. त्यांनी चष्मा काढून पुसला. "पुढच्या चाचणीला," ते शेवटी म्हणाले, "तुम्ही बसायचं माझ्या शेजारी. आणि कॉक बंद करायची वेळ आली तर हात तुम्ही घालायचा."

तिची बोटं बरी व्हायला दोन आठवडे लागणार होते, म्हणून जीभ त्यानेच सरळ केली, तिच्यासमोर, खिडकीखाली बसून. ती शेजारच्या स्टुलावर. तिने त्याला सहा वेळा मोजायला लावलं. चौथ्यांदा तो कुरकुरला तेव्हा म्हणाली, "तुमच्या अंदाजावर माझा विश्वास आहे हो. तुमच्यावर नाही अजून." त्याने पुन्हा मोजलं.

चाचणीच्या सकाळी तो डॉक्टरांशेजारी बसला. तिसरं वळण गेलं, पाचवं गेलं, वरचा खडबडीत रस्ता गेला. गाडीने एक गचका खाल्ला नाही. वर पोहोचल्यावर डॉक्टरांनी इंजिन बंद न करता नुसतं ऐकलं आणि खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं.

परत आले तेव्हा उस्ताद पायरीवर बसले होते आणि बायको दारात उभी होती. गाडी थांबायच्या आत उस्तादांनी मान वळवली आणि तिला विचारलं, "काय सूनबाई, कशी चालली असेल? आवाजावरून काय वाटतं?"

त्याला तोच जुना चटका बसला. अगदी तसाच, जराही कमी नाही. एरवी तो न बोलता मागच्या टेबलाकडे गेला असता.

"बाबा," तो म्हणाला, "गाडीत मी होतो."

उस्तादांनी त्याच्याकडे पाहिलं. मग पायरीवर थोडं सरकले, अर्ध्या माणसाची जागा झाली.

"मग तू सांग," ते म्हणाले. "वरच्या खडबडीत रस्त्यावर रेस सोडल्यावर कशी वागली?"

तो जाऊन बसला. जागा अपुरी होती, एक पाय खालच्या पायरीवर ठेवावा लागला. बायको आत जाऊन चहाचं पाणी ठेवू लागली, आणि तो पहिल्या वळणापासून सांगू लागला. उस्ताद मधेमधे त्याला तोडत होते, "थांब, थांब, हे आधी सांग," असं म्हणत.